टाकीला पोतं

नागपूर, १७ मे २०२४

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

अत्यंत जड अंतःकरणाने कळवतो की या घरातल्या कूलरवरचा माझा हक्क संपुष्टात आला आहे. मुग्धाच्या बाळंतपणासाठी बंगळुरूला जाताना तू तुझी माशांची काचेची पेटी आमच्याकडे ठेवलीस, तेव्हा ती कोपऱ्यात राहील असं ठरलं होतं. आता पेटी कूलरसमोर आहे आणि कोपऱ्यात मी. सत्यवतीचं म्हणणं, मला निदान घाम येतो, माशांना तीही सोय नाही. लग्नाच्या चोवीस वर्षांत बायकोला माझ्यात सापडलेला हा पहिला गुण.

एवढं करूनही पेटीतलं पाणी दुपारी तेहतीस अंश दाखवतं. चारही मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करतात. त्यातली तुझी भुरी कालपासून खात नाही. दुकानदाराने पाणी थंड करायचं एक यंत्र दाखवलं. किंमत ऐकून मीही तशीच उघडझाप केली. तेव्हा गरिबाला परवडेल असं काही असेल तर सांग.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मुग्धाने मध्ये पडून सांगितलेलं तू खरं मानत नाहीस, म्हणून हे कागदावर. फोटो काढून तिच्या फोनवर पाठवतोय.

रागाव, पण लोभ आटू देऊ नकोस.
तुझा,
शरद


बंगळुरू, १७ मे

चि. शरदास अनेक आशीर्वाद.

आधी कूलरचं रडगाणं थांबव आणि नीट वाच. पेटीचं झाकण काढ. झाकण लावून कूलरची हवा काचेवर मारलीस तर उपयोग काय? वर जाळी बांध, नाहीतर मासे उडी मारतील. छोटा पंखा असा ठेव की वारा पाण्यावरून जाईल. पाणी थोडं उडून जातं आणि उरलेलं निवतं, माठात होतं तसंच. कमी झालेलं पाणी आदल्या दिवशी भरून ठेवलेल्या बादलीतून घाल. आतला दिवा बंद. खाणं निम्मं. बर्फ केलेली एक बाटली, झाकण घट्ट लावून, दुपारी तरंगत सोड. एकच, पाणी एकदम गार झालं तरी मासे मरतात. टाकीला ओलं पोतं गुंडाळ आणि दिवसातून तीनदा भिजव.

भुरी अकरा वर्षांची आहे. तुझे भाऊजी गेल्यापासून मी दार उघडलं की काचेशी येतं ते तेवढंच. जमणार नसेल तर स्पष्ट सांग, मी परवाच्या गाडीने निघते. मुग्धाला नववा लागलाय, ती ओरडेल. पण मला ऐकू कुठे येतं?

सत्यवतीला विचारल्याचं सांग.
तुझी,
यमुताई


नागपूर, १९ मे

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या यादीतला एकच उपाय केला. सगळे एकदम केले तर गुण कशाचा ते कळत नाही. शिवाय छोटा पंखा म्हणजे माझ्या टेबलावरचा. तो नसेल तर मुद्रितशोधनाचे कागद घामाचे थेंब पुसून तपासावे लागतील. तेव्हा पोतं.

किराणावाल्याकडून सहा पोती आणली. काल भर दुपारी गच्चीवर चढून हजार लिटरची आपली काळी टाकी सुतळीने आवळून गुंडाळली आणि पाइप घेऊन भिजवली. दिवसातून तीनदा चढतो. शेजारच्या तुळसाबाईंनी त्यांच्या गच्चीवरून विचारलं, “काहून गा भाऊ, टाकीले थंडी वाजून राहिली का?” मी आणखी एक पोतं भिजवलं. शास्त्रात थट्टेला जागा नसते.

पण पेटीत आज चौतीस आहे आणि भुरी तळाशी एका कुशीवर पडली आहे. खोटं कशाला लिहू? तू ये किंवा येऊ नकोस, ते तूच ठरव.

तुझा,
शरद


नागपूर, २० मे

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

हे माझ्या फोनवरून पाठवतेय, यांना ठाऊक नाही. तिकीट काढलं असेल तर रद्द करा.

तुमचं पत्र मी काल स्वतः वाचलं. टाकी म्हणजे तुम्हाला पेटीच म्हणायची होती ना? तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढणारा माणूस, आणि एका शब्दासाठी उन्हात गच्चीवर गेला. मी सांगितलं नाही. कारण त्या पोत्यांमुळे आमच्या नळाला मे महिन्यात पहिल्यांदा अंगावर घेता येईल असं पाणी येतंय. आणखी आठ दिवस चढू द्या त्यांना.

बाकी सगळं मी केलं. झाकण काढलं, मच्छरदाणीचा तुकडा बांधला, टेबलावरचा पंखा उचलला (आज ते कागद पुसताहेत). समोरची बाजू सोडून तीन बाजूंना ओली पोती लावली. कालपासून दुपारी दोन ते चार मी पेटीपाशी बसते, बाटली बदलते, पोती भिजवते. झोप जाते, पण आज एकोणतीस आहे. भुरी सकाळी वर आली आणि चार दाणे खाल्ले. मी काचेवर बोट ठेवलं तर तिथे आली.

मुग्धाला सोडून येऊ नका. इथे मी आहे.
आपली,
सत्यवती


नागपूर, २६ मे

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

मुलगी झाली, दोघी सुखरूप, वाचून बरं वाटलं. नाव ठेवताना मला विचारू नका, मी शब्द नीट वाचत नाही असं ऐकतो.

म्हणजे असं, की सत्यवतीला लिहिलेल्या तुझ्या उत्तराचा फोटो मुग्धाने गडबडीत माझ्या फोनवर पाठवला. त्यात तू मला काय म्हटलंस ते मी चारदा तपासलं. शुद्धलेखनाची एकही चूक नाही.

सत्यवतीला यातलं काही बोललो नाही. तो फोटो तिला पुढे पाठवला, मुग्धाने आताच चुकून माझ्याकडे पाठवलाय, मी वाचलेला नाही असं सांगून. चार दिवस झाले, रोज पावणेदोनला तिला म्हणतो की मला टेबलाशी शांतता हवी, तू आत जाऊन पड. ती आत गेली की पोती भिजवतो, बाटली बदलतो, आकडा बघतो. चारला उठून ती पोत्याला हात लावते आणि म्हणते, अजून ओलंच आहे की. मी म्हणतो, हवेत दमटपणा आलाय.

तापमान पंचेचाळीस, दमटपणा शून्य. तिने पेपर वाचला नसावा.

आज आतून घोरण्याचा आवाज आला. भुरी काचेशी आली होती. मी तिला गप्प राहायला सांगितलं.

बाळाला आणि मुग्धाला आशीर्वाद. तू सावकाश ये.
तुझा,
शरद