गोळ्यांच्या जोडीला

भाईंदर पूर्व,
१२ जानेवारी २०२५

प्रिय दशरथ,

सप्रेम जय भीम. खेडला सगळे बरे असाल. आमच्या रसिकाला इथल्या इंद्रलोक भागातल्याच एका शाळेत नोकरी लागली. तुझ्या तेजश्रीने पाठवलेलं कुळथाचं पीठ पोचलं. पिठी केली की ह्यांना तुझी आठवण येते.

फोन सोडून पत्र कशाला, म्हणशील. फोनवर मी ह्यांच्या दुखण्याचा विषय काढला की तू लगेच विचारतोस, "तिकडे थंडी पडली का?"

ह्यांचं प्रोस्टेट वाढलंय, ते तुला ठाऊक आहेच. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि जोडीला माशाच्या तेलाची, ओमेगा-थ्रीची कॅप्सूल. हळूहळू बरं वाटू लागलं. पण गोळीने चक्कर येते म्हणून ह्यांनी कुणाला न विचारता गोळ्याच बंद केल्या. "आपण कोकणातली माणसं, मासळीवर वाढलेली. गुण आला तो तेलाचाच!" सोसायटीतही हेच सांगत सुटले.

गेल्या आठवड्यात सकाळी लघवीच अडली. पोट दगडासारखं. रिक्षात माझा हात धरून हा माणूस रडला, दशरथ. मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं. हॉस्पिटलात नळी घातली तेव्हा जिवात जीव आला.

डॉक्टर रागावले नाहीत. म्हणाले, "काका, गोळ्यांबरोबर ही कॅप्सूल घेतली तर काहींना थोडा जास्त आराम पडतो, म्हणून दिली. गोळ्यांच्या ऐवजी नाही. चक्कर येते तर मला सांगायचं ना, गोळी बदलू." आता नळी काढलीय, नवी गोळी सुरू आहे. कालपासून खाली फिरायलाही जातायत.

घरी आल्या आल्या ह्यांनी विचारलं, "दशरथला फोन केलास?" मला काही कळेना. मग मान खाली घालून म्हणाले, "मीच त्याला सांगितलंय. डॉक्टर नको, नुसती कॅप्सूल घे म्हणून."

मी तेजश्रीला विचारलं. बिचारी लाजत लाजत बोलली, तुलाही लघवीचा तोच त्रास आहे म्हणून. तू लग्नाकार्याला जायचं टाळतोस, एसटीत बसायचं तर पाणीसुद्धा पीत नाहीस.

बहिणीने हे लिहावं का, मला ठाऊक नाही. पण तुझी दुपटी मी धुतलीत रे. माझ्याशी कसली लाज?

शनिवारी इकडे ये. सोमवारी डॉक्टरांकडे जाऊ. मी बाहेर बसेन, आत हे येतील तुझ्याबरोबर. आणि नाही आलास, तर आम्ही दोघं खेडला येऊ आणि तुला घेऊनच परत फिरू.

रागावलेली नाही, घाबरलेली,
तुझी ताई
मनोरमा