चष्म्याची पुतळी

वाशी,
५ फेब्रुवारी १९९४

ती. दादास जयमालाचा शि. सा. न.

तुझ्या भाचीचं, वैदेहीचं लग्न ठरलं एकदाचं! कै. सासूबाईंची पुतळ्यांची माळ मोडून तिला पाटल्या करतोय. माळ सोनाराकडे टाकली आहे. गंमत म्हणजे एका पुतळीवर पुढे कुणी उभा दाढीवाला आणि मागे चक्क चष्मा! वैदेही म्हणाली, हा मामाच, जुनी नाणी शोधतोय. अख्खी सोसायटी हसली. वहिनींना नमस्कार. माया असू दे.

तुझी,
जयमाला


सातारा,
९ फेब्रुवारी

चि. सौ. जयमालास अ. उ. आ.

तार मिळालीच असेल, तरी राहवेना म्हणून लिहितो. माळ वितळवू देऊ नकोस! तो दाढीवाला म्हणजे डेन्मार्कचा राजा, चौथा क्रिश्चन. नॉर्वेत सोनं सापडलं यावर कुणाचा विश्वास बसेना, तेव्हा त्यानं त्याच सोन्याची नाणी पाडून वर चष्मा काढला, असं सांगतात. जणू शंकेखोरांना म्हणाला, घ्या, नीट बघा! साल १६४७. उभ्या जन्मात मी ते फक्त चित्रात पाहिलंय. तुमच्या माळेत कसं आलं, देव जाणे. नक्कल निघाली तरी चालेल, पण बघू दे. रविवारी पोचतो. सांभाळून राहा.

तुझा,
दादा


वाशी,
१० फेब्रुवारी

ती. दादास शि. सा. न.

तुझी तार आली तशी वैदेही लुनावर पळाली, मागून मी रिक्षानं. सोनारानं माळ तोडलेली, अर्ध्या पुतळ्या मुशीत गेलेल्या! वैदेहीनं आधी भट्टी बंद करायला लावली. तो वैतागून म्हणाला, मॅडम, सोनं ते सोनं, कशाला टेन्शन घेता? उरलेल्या पुतळ्या एकेक उलटून बघितल्या. चष्मा दिसला आणि मी दुकानातच रडले. वैदेही म्हणते, हे मामाचंच. ये लवकर, वाट बघतोय.

जयमाला


सातारा,
१६ फेब्रुवारी

चि. सौ. जयमालास अ. उ. आ.

तुम्ही दिलेलं नाणं मी गुपचूप तुमच्या देव्हाऱ्यात ठेवून आलो. रागावू नका. अस्सल आहे, शंकाच नाही! भिंगातून दोनदा बघितलं. पण राजाचं तोंड पार पुसून नुसती दाढी उरलीय. तुझ्या सासूबाई, त्यांच्या सासूबाई, सगळ्यांच्या पदराला घासून घासून. माझ्या नाण्यांच्या डबीत घातलं असतं तर त्याला पुन्हा पदर लागला नसता. वैदेहीला सांग, नाण्याला ओवायची कडी आहे ती तशीच ठेव आणि लग्नात गळ्यात घाल. मी आदल्या दिवशीच येतोय. मला अगदी पुढे बसवा, डोळे भरून बघायचंय. या वेड्या भावावर जीव असू दे.

तुझा,
दादा