चार नंबरचा हँडगार्ड

२२ सप्टेंबर

लागली एकदाची नोकरी! अंधेरीत मरोळला, सिनेमावाल्यांना बंदुका भाड्याने देणाऱ्या गोदामात. धाकट्या कृणालने शब्द टाकला. तो मारामारीच्या सीनमध्ये उड्या मारतो ना. मालक श्यामकांतकाका तोंडाने फाटके, पण चहा झकास पाजतात. इकडे खारदांड्यात आईने अख्ख्या आळीला सांगून झालंय, आमची नमिता रायफली दुरुस्त करते म्हणून.

माझं काम हँडगार्डचं. म्हणजे नळीभोवतीचं आवरण, जिथे डावा हात धरतो. नुसत्या आवाजाची काडतुसं झाडली तरी नळी तव्यासारखी तापते. चार नंबरच्या रायफलीचं जुनं लाकूड तर आतून कोळसा झालंय.

२६ सप्टेंबर

बाजारातून तीन हँडगार्ड आणले. प्लास्टिकचा हलका, हात पोळत नाही, पण नळीला टेकला की मऊ पडतो. ॲल्युमिनियमचा सलग दिसायला भारी, धरायला शिक्षा. शेवटी भोकांचा ॲल्युमिनियमचा ठरवला. आत पत्र्याचा पडदा, नळीपासून बोटभर मोकळी जागा, वारा खेळायला. दोन नंबरवर लावून तीस काडतुसं झाडली नि मोजलं. नळी एकशेचाळीस अंश, हँडगार्ड बेचाळीस. काकांनी नुसतं हूं केलं. मेल्याला कौतुक म्हणून ठाऊक नाही!

चार नंबर मात्र खाष्ट बया. चार दिवसांत दोनदा बोट चिरलं माझं.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी

काकांनी सगळ्या रायफली लाल कापडावर मांडल्या, हळदकुंकू वाहिलं, झेंडू घातला. उद्या पूजा उचलेपर्यंत कुणी हात लावायचा नाही असं बजावून जेवायला घरी गेले.

तेवढ्यात कृणालचा फोन. परवा मालाडला शूटिंग, चार नंबर त्याच्याच हातात. त्या जळक्या लाकडासकट? हात भाजून घेईल येडा. उद्या दसऱ्याची सुट्टी, मग बदलणार कधी? म्हटलं, देवीला काय स्क्रूड्रायव्हरचा राग येणारे? कुंकू पुसलं, अर्ध्या तासात तसाच भोकांचा नवा हँडगार्ड चढवला आणि रायफल परत झेंडूखाली ठेवली.

३ ऑक्टोबर

चार नंबर गरम आहे. एकही काडतूस झाडलेलं नाही. बेचाळीस. नळी थंडगार, फक्त हँडगार्ड तापलाय, तोही बोटं येतात तिथेच.

काकांना सांगावं लागलं. वाटलं, शिव्या घालतील. ते घाबरले. म्हणाले, पूजेला बसलेलं हत्यार तू धरलंस, आता ते तुला धरणार. मी म्हटलं, काहीतरीच काय काका. दुपारी मोजलं तर चौऱ्याऐंशी.

शूटिंग उद्यावर गेलं. सुटले.

४ ऑक्टोबर, सकाळी

एकशेदहा. स्क्रू फिरत नाहीत. पाणी ओतलं तर चर्रर्र, नुसती वाफ. कृणाल न्यायला येतोय. फोन उचलत नाहीये. उचल ना रे —

दुपारी

आला. हसत. उचलायला वाकला, मीच आधी झडप घातली.

हात सुटत नाही.

काकांनी मनगट धरून ओढलं. त्यांच्या तळव्याची कातडी माझ्या मनगटाला चिकटून सोलली — आई गं —

कृणाल त्यांना दवाखान्यात घेऊन गेला. मी दाराला आतून कुलूप लावलंय. उजव्या हाताने लिहितेय. डावा आता दुखतच नाही. भीती वाटते मला.

आलाय परत. दार ठोकतोय. मी ओरडले, शिवू नकोस मला, काकांचं बघितलंस ना. रडतोय. म्हणतो, ताई, तुला अशी सोडून जाणार नाही. दुसरी चावी —

काकांनी दिली त्याला —

नको रे सोन्या, लांब हो —

वाकला. दोन्ही हात पुढे — कृणाल, माझं मनग