पेटलेल्या तेलावर पाणी

प्रिय मामी,

सा. न. वि. वि. लिहावं असा आज माझा मूड नाही. मी रागावलोय. तुमच्यावर, माझ्यावर आणि त्या अनारशांवर!

तीन वर्षांनी अधिक महिना पुन्हा आलाय. आता सासूच्या पाटावर तुमची लेक सुरेखा बसलीय. आमच्या पिंकीच्या नवऱ्याला पहिलं वाण द्यायचंय. सकाळी सुरेखानं सांगलीच्या या घरात स्वयंपाकघराचं दार आतून लावलं, अगदी तुमच्यासारखं. अनारशाला नजर लागते ना!

तीन वर्षांपूर्वी तुमच्या कोरेगावच्या घरात मी असाच बाहेर चहा पीत होतो. आतून हुकूम आला होता, "जावयबापू, हिकडं फिरकायचं न्हाई!"

मी म्हटलं, "मामी, गेल्या खेपेचे कढईत विरघळले ते माझ्या नजरेनं नव्हे, तुमच्या घाईनं."

"लय शिकलाय तुमी, पर जीब काय गोड झाली न्हाई!" पाठोपाठ कडी वाजली.

नंतर दवाखान्यात तुम्हीच सांगितलंत, तेल तापेना म्हणून गॅस मोठा केला आणि खसखस घ्यायला फडताळाकडं वळलात. गॅस मोठा ठेवून कढईकडं पाठ करतात का कुणी? घाई कसली होती? मी काय उपाशी होतो?

"आवं, त्याल पेटलं!" तुम्ही ओरडलात.

संस्कृतात अग्नीला डझनभर नावं आहेत, मामी. सगळी मला पाठ. तीस वर्षं पोरांकडून घोकून घेतोय. पण तेल पेटलं तर काय करायचं, हे त्यातल्या एकाही नावात नव्हतं. बंद दारावर धक्के मारत मी ओरडलो, "पाणी मारा, मामी! पाणी मारा!"

आणि तुम्ही मारलंत. चहात साखर कमी घाला म्हटलं तर कधी ऐकलं नाहीत. मुक्कामाला सांगलीला या म्हटलं तर ऐकलं नाहीत. आयुष्यात माझं एकच ऐकलंत, तेही हे!

पाण्यानं तेल उलट भडकलं. दार मोडून आत आलो तोवर ज्वाळा छताला लागल्या होत्या.

माझा खरा राग पुढच्या गोष्टीचा आहे. सुरेखानं विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "म्या माझ्याच मनानं पाणी मारलं गं, पर इझलं न्हाई." माझ्याकडं बघितलंसुद्धा नाहीत. कुणी सांगितलं होतं जावयाचा मान राखायला? त्या भाजलेल्या अंगानं? आणि मी, शब्दांवर पोट भरणारा माणूस, गप्प राहिलो! आठव्या दिवशी तुम्ही गेलात. लोक म्हणाले, अधिक महिन्यात गेल्या, पुण्यवान. मी त्यांनाही मान डोलावली.

आज सकाळी मी दार इतकं बडवलं की सुरेखानं घाबरून उघडलं. शेगडीशेजारी पाण्यानं भरलेली बादली! "आईसारखं व्हायला नको," ती म्हणाली, "पाणी कमी पडलं असेल तिला."

ऐकताय ना, मामी? तुम्ही राखलेल्या माझ्या मानापायी ती तीन वर्षं हेच समजत होती.

मी बादली मोरीत ओतली. गॅस बंद केला. कढईवर बसेल असं पितळी झाकण शोधून ओट्यावर ठेवलं. तेल पेटलं तर आधी गॅस बंद, मग कडेनं झाकण सरकवायचं. कढई उचलायची नाही, निवेपर्यंत झाकण काढायचं नाही. आवरेना झालं तर घराबाहेर पळायचं आणि अग्निशमनला फोन. एवढं सगळं आता मला पाठ आहे. ओरडूनच सांगितलं. ती रडली आणि म्हणाली, "तुम्हाला एवढा राग कशाचा?"

इथं येऊन हे लिहीत बसलोय.

ती अजून ओट्यापाशीच बसलीय, गॅस न पेटवता. तुम्ही राखलेला माझा मान आज मोडतोय, मामी. हा कागद घडी घालून ठेवणार नाही. सही केली की आत जाईन आणि तिच्याच हातात देईन. ती वाचेपर्यंत समोर उभा राहीन. मग ती मला जे म्हणेल ते ऐकून घेईन.

तुमचा,
माधव