उजवा मागचा पाय

७ ऑक्टोबर, सोमवार
आले एकदाची! मुलुंडहून मरोळ गावठाण, रिक्षात मी, दोन बॅगा आणि मांडीवर माझा मायक्रोस्कोप. ज्यांच्याकडे कामाला आले त्या अर्बन अंकलच्या बहिणीने, ल्युसी आंटीने, आल्या आल्या गरम फुगे, म्हणजे इथले तळलेले गोल पाव, आणि बोंबलाचं कालवण वाढलं. मला मिळालेली वरची खोली म्हणजे आंटीची शिवणाची खोली. कोपऱ्यात मशीन आणि उचलताना हात भरून येईल अशी कोळशाची जुनी इस्त्री.

काम झकास आहे. अंकलनी चाळीस वर्षं रातकिडे जमवलेत. घरात किरकिरणारे मोठे नव्हेत, गवताच्या मुळाशी उड्या मारणारे, नखाएवढे. वरून सगळे सारखेच मातकट. जात ठरते ती अवयवांवरून: पुढच्या पायावर कानाचा पडदा कुठे, मागच्या नडगीवर काटे किती, नराच्या पंखावरच्या, घासून आवाज काढणाऱ्या कानशीला दात किती. त्यातली एखादी नवी जात माझ्या नावाने छापून आली, तर पीएचडीचं घोडं गंगेत न्हालं.

भिंतीपलीकडे पत्रे ठोकणारा कारखाना आहे. नऊला प्रेस सुरू झाला की शेजारच्या माणसाचंही ऐकू येत नाही. फक्त रविवारी बंद.

९ ऑक्टोबर, बुधवार
अंकलची पद्धत कडक. प्रत्येक नमुन्याचा उजवा मागचा पाय काढून वेगळ्या बाटलीत, स्पिरिटमध्ये. डीएनएसाठी. डावा पडताळणीसाठी अंगालाच राहतो. पाय जिवंतपणीच उपटतात, मेल्यावर स्नायू आखडतात म्हणे. किड्याचा उजवा पाय आधीच मोडलेला असला, तर तो किडाच सरळ खिडकीतून बाहेर.

चूक दिसली की मला गप्प बसवत नाही. म्हटलं, अंकल, नमुना फुकट कशाला घालवता? डावा घ्या आणि लेबलवर तसं लिहा. त्यांनी हातातला चिमटा खाली ठेवला. मग म्हणाले, “शाणी हायेस गो तू.” आज मी जाम खूश आहे.

११ ऑक्टोबर, शुक्रवार
तळाच्या खणात नुसतंच एक लेबल, टाचणीला किडा नाही. ‘नर. मरोळ. मांडी ४४, नडगी ३८. संग्राहक: अर्बन.’ आम्ही सगळं मिलिमीटरमध्ये लिहितो. नखाएवढ्या किड्याची मांडी ४४? दशांशचिन्ह राहिलं असणार. पेन्सिलीने दुरुस्त केलं: ४.४, ३.८. म्हातारपणी असं व्हायचंच.

१५ ऑक्टोबर, मंगळवार
अंकलनी ती दुरुस्ती पाहिली. माझा हात टेबलावर दाबून धरला आणि तर्जनीतून टाचणी आरपार घातली. नखातून. मी किंचाळले, प्रेस चालू होता. मग स्वतःच पट्टी बांधली आणि शांतपणे सांगितलं, की तो आकडा त्यांनी स्वतः मोजलाय, तो बरोबर आहे.

बॅग भरली होती. पण जिन्यात त्यांनी माफी मागितली. म्हणाले, ही जात नवी आहे, नर मिळालाय, मादीशिवाय वर्णन पुरं होत नाही. मादी मिळाली की शोध तुझ्या नावावर. बॅग रिकामी केली. मूर्ख आहे मी, पण हवंय मला ते.

१७ ऑक्टोबर, गुरुवार
आंटी मला सलवार शिवणार आहे. टेप लावून खुबा ते गुडघा, गुडघा ते घोटा मोजलं. आकडे अंकलनी लिहून घेतले. टेपची सेंटिमीटरची बाजू कशाला, विचारलं. आंटीने मान वर केली नाही.

सोमवारी जंगलात जायचंय, चार दिवस फोन लागणार नाही, घरी सांगून ठेव, असं अंकल म्हणाले. आईला सांगितलं.

माझ्याआधी इथे नेल्सन नावाचा मुलगा कामाला होता. मी विचारलं, तर आंटी म्हणाली, दुबईला गेला.

१९ ऑक्टोबर, शनिवार
मागच्या पडवीत, पिंपांच्या आड, मोठी बरणी. स्पिरिट. आत पाय. माणसाचा. उजवा, खुब्यापासून काढलेला, केस तसेच. बोटाएवढ्या टाक्यांनी शिवलेलं लेबल — नर, ४४, ३८. सेंटिमीटर. घोट्यावर गोंदलेलं नाव: नेल्सन.

शेजारी दुसरी बरणी. रिकामी. लेबल तयार. ‘मादी. मरोळ, २१ ऑक्टोबर. मांडी ४२, नडगी ३६.’

माझे आकडे.

जाते. आत्ता. बॅग नको —

२० ऑक्टोबर, रविवार
दारापर्यंत पोचले होते. अंकलनी किडे पकडायच्या जाळीच्या दांड्याने डोक्यात घातलं. रक्त डोळ्यात सुकलंय. खोलीला कुलूप. फोन नाही. वही गादीखाली राहिली.

प्रेस बंद. खालच्या गवतातले रातकिडे ऐकू येतायत. तेवढं शांत आहे. ओरडले. घसा फाटेस्तोवर ओरडले. आंटीने टीव्हीचा आवाज वाढवला.

उद्या नऊला येणार. प्रेस सुरू झाला की.

आई गं. भीती वाटते.

२१ ऑक्टोबर, सोमवार
सुचलं. उजवा मोडलेला असला की नमुना बाहेर. चाळीस वर्षांचा नियम. फेकून तर देतील. जिवंत.

इस्त्री आहे. तोंडात सलवारीचं कापड.

साडेआठ —

पहिल्या घावात नाही मोडला. दुसऱ्यात आवाज आला. तिसऱ्यात हाड बाहेर. दिसतंय. पांढरं. ओकले. शुद्ध जाते येते — लिहायला हवं —

नऊ. प्रेस.

आले. दोघं. दारातूनच पायाकडे बघितलं. अंकल रागावले नाहीत. हसले. खिशातून लेबल काढलं. आंटीच्या कानाशी ओरडून सांगितलं, पोरीनेच शिकवलं ना, लिही — उजवा मोडका —

नाही. अंकल, नाही. ते मी किड्यांचं —

टेप लावला. डाव्या —