त्यांना आठवलेली मुलगी

सोमवार, ५ जानेवारी

पोचलो एकदाचे करिंगूलला! मेलबर्नजवळच्या टार्निटहून सकाळी निघालो तेव्हा निनाद ड्राइव्हवेमध्ये उभा राहून हात हलवत होता आणि नुपूर मागच्या सीटवर आपल्या तीन बाहुल्यांना सीटबेल्ट लावत होती. बॅलरॅट मागे पडल्यावर झाडं विरळ होत गेली, मग नुसतीच कापलेल्या गव्हाची पिवळी रानं. गावात एकच मोठा रस्ता, एक बेकरी, एक पब आणि टोकाला रेडिओ स्टेशन. बैठी विटांची इमारत, मागे उंच टॉवर. त्याच्यावर गुलाबी काकाकुवे ओळीने बसलेले.

हे स्टेशन काही वर्षांपूर्वी बंद पडलं. आता सगळे कार्यक्रम शहरातून येतात. काउन्सिल इथे छोटं संग्रहालय करतंय, त्यासाठी जुन्या स्टाफच्या आठवणी रेकॉर्ड करायचं काम मला मिळालंय. चोवीस तारखेला सगळ्या जुन्या मंडळींचं स्नेहसंमेलन आहे, तोवर संपवायचं. मेलबर्नच्या कम्युनिटी रेडिओवर इतकी वर्षं हौसेने मराठी तास केला, त्याचं हे फळ. राहायला स्टेशनच्या मागचं मॅनेजरचं लाकडी घर दिलंय. निनादच्या ऑफिसात सॉफ्टवेअरचं रिलीज आहे, तो जमेल तसा वीकेंडला येईल. नुपूरला सुट्टी, म्हणून ती माझ्याबरोबर.

संध्याकाळी डॉट नावाच्या आजी लॅमिंग्टन, म्हणजे खोबऱ्यात घोळवलेले चॉकलेट केक, घेऊन आल्या. ऐंशी ओलांडलेल्या, लिपस्टिक लावलेल्या. स्टेशनवर आधी रिसेप्शनला होत्या, मग मुलांचा कार्यक्रम करायच्या. नुपूरने चार लॅमिंग्टन खाल्ले. नाकाला खोबरं लावून मला म्हणाली, “आई, आय लाइक धिस टाउन.”

बुधवार, ७ जानेवारी

रेकॉर्डिंग सुरू. डॉटबरोबर मर्व्ह आणि कीथही आले. मर्व्ह तांत्रिक बाजू सांभाळायचा, कीथ हवामान आणि गव्हाचे भाव वाचायचा. तिघं एकत्र आले की ऐकत राहावं. थेट प्रक्षेपण चालू असताना स्टुडिओत मेंढी घुसली होती, पुराच्या वेळी कीथ घरी न जाता सलग बोलत राहिला होता, असं काय काय. एकाचं वाक्य दुसरा पुरं करतो, तिसरा हसायला लागलेला असतो.

डॉटच्या कार्यक्रमात रोज शाळा सुटल्यावर गावातल्या मुलांचे वाढदिवस वाचायचे. मर्व्हने नुपूरला उचलून जुन्या माइकसमोर बसवलं. माइक नुसता शोभेचा, त्याची वीज कधीच तोडलेली. डॉट तिच्या कानात जुन्या मुलांची नावं सांगत गेल्या आणि ही मोठ्याने म्हणत गेली. हॅपी बर्थडे बेव्हर्ली. हॅपी बर्थडे ग्रॅहम. संपल्यावर नेहमीसारखं माझ्याकडे वळून, “आई, झालं?”

डॉटनी डोळे पुसले. म्हणाल्या, या खोलीत लहान मुलाचा आवाज किती दिवसांनी आला.

शनिवार, १० जानेवारी

निनादला जमलं नाही. पण इथल्या दवाखान्यात डॉक्टर शिरीष म्हणून आहेत, मूळचे पार्ल्याचे. त्यांच्या बायकोने, सुहासिनीताईंनी, जेवायला बोलावलं. आमटी-भात, काकडीची कोशिंबीर, वर घरचं तूप. गव्हाच्या रानात बसून आमटी! नुपूर त्यांच्या कुत्र्याच्या अंगावर लोळत होती. सुहासिनीताई म्हणाल्या, तुझं काम असेल तेव्हा पोरीला खुशाल माझ्याकडे सोड, घर भरल्यासारखं वाटतं.

मंगळवार, १३ जानेवारी

आज छान धागा मिळाला. डॉट सांगता सांगता म्हणाल्या, स्टेशनवर एक लहान मुलगी असायची. शाळा सुटली की येऊन टेबलाखाली बसायची, कधी कधी वाढदिवस तीच वाचायची. कोणाची होती? त्यांना सांगता येईना. कोणाची तरी असेल, म्हणाल्या.

दुपारी कीथला वेगळं बसवलं होतं. मी विचारलंही नव्हतं, तरी तोही त्या मुलीबद्दल बोलायला लागला. बारीक वेणी. पुराच्या दिवसांत ती त्याच्या पायाशी बसून राहिली म्हणून त्याला धीर आला. आधीच्या रेकॉर्डिंगमध्ये त्याने पूर अगदी तपशिलात सांगितला होता. त्यात ही मुलगी नव्हती. म्हातारपणी आठवणी अशाच एकेक वर येतात म्हणे.

गुरुवार, १५ जानेवारी

नीट लिहून ठेवते.

सकाळी डॉट म्हणाल्या की मुलगी सावळी होती, पुढचा एक दात पडलेला आणि केसांना खोबरेल तेलाचा वास. मी हसले. म्हटलं, तुम्ही माझ्या नुपूरचंच वर्णन करताय. त्याही हसल्या. पण म्हणाल्या, नाही गं, ही जुनी गोष्ट, तेव्हा माझे केस काळे होते.

मग मर्व्हने घरून जुनी टेप आणली. चौऱ्याहत्तर सालची, डब्यावर त्याच्याच अक्षरात लिहिलेलं. स्टेशनच्या जुन्या टेप मशीनवर चढवली. आधी खरखर, मग तरुण डॉटचा आवाज, मग एक मुलगी. हॅपी बर्थडे बेव्हर्ली. हॅपी बर्थडे ग्रॅहम.

आणि मग, “आई, झालं?”

मी मर्व्हला म्हटलं की हे गेल्या आठवड्यातलं आहे, कोणीतरी फोनवर रेकॉर्ड केलंय. तो बिचारा गोंधळला. त्याने पुन्हा वाजवलं. नुपूर बाहेर पायरीवर बसून मुंग्या बघत होती. तिने हाक ऐकल्यासारखी मान वर केली.

शनिवार, १७ जानेवारी

दोन दिवस मन दुसरीकडे लावायचा प्रयत्न करतेय. स्विमिंग पूलवर गेलो. काउंटरवरच्या मुलीने एकच तिकीट फाडलं. मी म्हटलं, एक मोठं, एक लहान. तिने माझ्या आजूबाजूला पाहिलं आणि विचारलं, लहान मागून येणार आहे का? नुपूर माझ्या शेजारी उभी होती, खांद्यावर टॉवेल टाकून.

तिथून परत येताना सुहासिनीताई भेटल्या. मी नुपूरचा हात धरला होता. त्या माझ्याशीच बोलत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, “निनादला घेऊन ये एकदा. दोघंच आहात तोवर फिरून घ्या. मुलं झाली की कुठलं जमतंय.”

मला वाटलं, थट्टा करताहेत. म्हटलं, ताई, ही काय नुपूर. त्या थांबल्या, माझ्या दंडाला हात लावला आणि हळूच विचारलं की नीट झोप लागते ना.

घरी आल्यावर पोर म्हणाली, “डझंट काकू लाइक मी एनिमोअर?”

रविवार, १८ जानेवारी

निनादला फोन केला. सगळं सांगितलं, टेप, पूल, सुहासिनीताई. म्हटलं, आत्ता निघ आणि ये, नुपूरला घेऊन जा.

तो फार मायेने बोलला.

“मंजू, आपण यावर बोललो होतो. मूल झालं नाही तर नाही, आपण दोघं आहोत ना एकमेकांना. तू घरी ये.”

मी फोन नुपूरच्या हातात दिला. ती बाबा, बाबा करत राहिली. मी पुन्हा कानाला लावला तर तो विचारत होता की लाइन कट झाली का.

उद्या निघतोय आम्ही. काम गेलं खड्ड्यात.

सोमवार, १९ जानेवारी

निघालो होतो. ती मागे गाणं म्हणत होती. गावाच्या वेशीवरचे धान्याचे उंच सायलो ओलांडले आणि गाणं बारीक झालं, शेजारच्या घरातून यावं तसं. आरशात पाहिलं. ती होती, तोंड हलत होतं. तिच्यातून मागच्या सीटची शिवण दिसत होती.

तिच्या सीटबेल्टचा दिवा विझला. गाडी सांगत होती की मागे कोणी नाही.

मी तिथेच रस्त्यात गाडी वळवली. सायलो मागे पडले तसं गाणं परत मोठं झालं. ती विचारत होती, आई, परत का चाललो, काय विसरलो आपण?

तिला पोटाशी धरून गाडीतच बसले. अंग गरम होतं. जड होतं. आहे ती. आहे.

मंगळवार, २० जानेवारी

सगळी रेकॉर्डिंग्ज पुसली. फोनमधली, लॅपटॉपमधली. मर्व्हची टेप मागून आणली आणि मागच्या अंगणात जाळली. काही फरक नाही. ते तिघं बेकरीत बसून तिच्याबद्दलच बोलत होते. रोज नवीन काहीतरी आठवतं त्यांना. मेंढी घुसली तेव्हा ती मेंढीच्या पाठीवर बसली होती म्हणे. ते आठवतात आणि इथे ती कमी होते. सकाळी दुधाचा पेला तिच्या हातून दोनदा निसटला. निसटला नाही, हातातून आरपार गेला.

मी डॉटच्या घरी गेले. पाया पडले अक्षरशः. म्हटलं, ती तुमची नाही, माझी आहे, माझ्या पोटची. तिला आठवू नका, एवढंच करा.

डॉट दुष्ट नाहीत. असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी मला उठवलं, खुर्ची दिली, माझा हात हातात घेऊन बसल्या. म्हणाल्या, “माझा नवरा कसा दिसायचा ते मला आता आठवत नाही. माझ्या आईचा आवाज गेला. ही पोर तेवढी लख्ख आठवते. ती मी कशी विसरू?”

मी हात सोडवून घेतला आणि घरी आले.

बुधवार, २१ जानेवारी

तिला भूक नाही. ऊन असून सावली पुसट. दुपारी मला सांगत होती, डॉटचे केस काळे आणि उंच बांधलेले असतात, खोलीत सिगारेटचा वास येतो, कीथ तिला बार्ली शुगरच्या गोळ्या देतो. विचारलं, हे कधी पाहिलंस? म्हणाली, “एव्हरी आफ्टरनून, मम.”

मम.

मी म्हटलं, आई म्हण. तिने प्रयत्न केला. ओठ हलवले. जमलं नाही. मग मला वाईट वाटू नये म्हणून हसली.

गुरुवार, २२ जानेवारी

माझ्यातूनही जातेय. म्हणून लिहितेय.

नुपूर निनाद. वय सात. डाव्या गुडघ्यावर सायकलवरून पडल्याचा व्रण. वांगं आवडत नाही. झोपताना माझा कान धरते. जन्मली तेव्हा — दवाखान्यात खिडकी होती, सकाळ होती, निनाद रडत — की पाऊस होता? कोण होतं माझ्याजवळ? निनाद म्हणतो, तसं काही — फोनमधले फोटो उघडले. समुद्र. मी. निनाद. आमच्या मध्ये जागा सोडलेली.

निनाद उद्या येतोय. मला घेऊन जायला. फक्त मला.

शुक्रवार, २३ जानेवारी

तो आला. मी दार उघडलं नाही. खिडकीतून बोलला, शिरीषही होते त्याच्याबरोबर. निनाद तिच्याकडे बघूनही तिला — तिने काचेला हात लावला. तो मलाच म्हणत होता, शांत हो.

तो गेल्यावर कळलं, मी क्षणभर त्याचं ऐकत होते. क्षणभर मला वाटलं, तो बरोबर —

नाही.

शनिवार, २४ जानेवारी

संमेलन सुरू झालंय. हॉल भरलाय. मागच्या दाराने तिला घेऊन स्टुडिओत आले, कडी लावली. भिंतीपलीकडून सगळं ऐकू येतंय. डॉट बोलताहेत. तिच्याबद्दलच. लोक हसतात, अनोळखी लोकसुद्धा म्हणताहेत, हो, आम्हालाही आठवते, रेडिओवर ऐकायचो.

इतके जण. आणि इकडे मी एकटी.

इथेच तिला माइकपुढे बसवलं होतं. इथेच तिला त्यांनी ऐकलं. मग मीही इथूनच सांगणार. मला आठवतं ते सगळं, त्यांच्याआधी, त्यांच्याहून मोठ्याने. माइकमध्ये वीज नाही. नसू दे. आधी लिहून घेते, डोक्याचा भरवसा नाही —

गुडघ्यावर व्रण. डावा. सायकल. झोपताना कान — वांगं —

ती माझी — मी तिची —

टाळ्या वाजताहेत. डॉट म्हणाल्या, आता ती स्वतःच वाढदिवस वाचेल. आणि आवाज येतोय, लहान मुलीचा, गोड आहे. कोणाची आहे ही मुलगी? छान वाचते —

नाही. नाही. लिही. तिचं नाव. मागच्या पानावर आहे — नुपूर. नुपूर लिहिलंय. हे कोणाचं —

या खोलीत मी का —

माझ्या डाव्या हातात एक हात आहे. लहान. गरम. शेजारी कोणी दिसत नाही, पण हात आहे, बोटं घट्ट धरून ठेवलीत. कोणाचा ते मला माहीत नाही. कोणाचाही असो, मी तो सोडणार न—