कपाट कोणी फोडलं

१८ जुलै, शुक्र., वलवण
ग्रामीण रुग्णालयाची अधीक्षक होऊन तीन आठवडे झाले. बाळंतपणं सोडून आता 'नेतृत्वविकास'. चोवीस डॉक्टर, एक रिसॉर्ट, तीन दिवस. शिकवणारे चिरंजीव तिशीचे, कॉलरला माइक. आज गोल उभं करून लोकरीचा गुंडा एकमेकांकडे फेकायला लावला. संघभावना म्हणे. अस्तु.

१९, शनि.
विषय: कामं सोपवणं. मन लावून टिपून घेतलं. चिरंजीव म्हणाले, "मॅडम, अक्षर सुंदर आहे." डॉक्टरच्या अक्षराची स्तुती! कलियुग संपत आलं असावं.

२०, रवि.
सकाळीच फोन टोपलीत जमा. चहाला परत मिळाला तर रुग्णालयातल्या मालनसिस्टरचे अकरा कॉल आणि एक मेसेज; परत लावला तर उचलेनात. भातलावणी करताना एका बाईला घोणस चावली. विषावरची इंजेक्शनं कपाटात, किल्ली माझ्या पर्समध्ये. (मागे औषधं गहाळ झाली तेव्हापासून माझा नियम: विश्वास सर्वांवर, किल्ली माझ्याकडे.) गाडी काढली. पुढे भुशीच्या धरणावर भिजायला निघालेलं अर्धं पुणं. दीड तास. पोचले तो कुलूप जमिनीवर, बाईला इंजेक्शन चालू.
मालनताई शांतपणे, "म्याडम, तुमची वाट बघत बसले न्हाई."
बाईचा नवरा, "सिस्टरनं धोंडा उचलला तवा कुटं जिवात जीव आला."


२३, बुध.
बाई धोक्याबाहेर. आम्ही नाही. हेडक्लार्कनी नियमाप्रमाणे 'शासकीय मालमत्तेची नासधूस' वर कळवली. वरून पत्र: फोडणाऱ्याचं नाव द्या, कारवाई होईल. मालनताई येत्या मार्चात निवृत्त होणार. सेवापुस्तकात आजवर एक शेरा नाही.

२५, शुक्र.
उत्तर लिहिलं: माझ्या आदेशावरून फोडलं. मालनताईंना वाचून दाखवलं.
"आदेश कुटनं दिला? फोन तर टोपलीत व्हता."
"ताई, गप्प बसा की जरा."
"फोडलं म्या, नाव तुमचं? आन् उद्या तुमची खुर्ची गेली, मग हितं कोन येतंय?"
त्यांनी स्वतःचा जबाबच लिहून आणलाय. शेवटी जादा वाक्य: 'वेळ आली तर परत फोडीन.' म्हटलं, तेवढं तरी खोडा. न्हाई म्हणाल्या.
दोन्ही कागद टेबलावर. पाचला टपाल जातं. हेडक्लार्क दारात उभे, "मॅडम, कुठला घेऊ?"
पावणेपाच झालेत. त्यांना म्हटलं, बसा.